रतनच्या डोक्यावरची शपथ

मार्गासनीहून रतनचं पत्र आलं ते अठ्ठ्याहत्तर सालच्या शिमग्याच्या सुमारास. वैशाख संपत आला तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. आळस म्हणून नव्हे. रोज सकाळी टेबलाशी बसत होतो, ‘चि. सौ. रतन हिस अनेक आशीर्वाद’ एवढं लिहीत होतो आणि थांबत होतो. पुढं काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखं लिहिण्याची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

पत्र साधं होतं. ‘गुरुजी, मला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. माझ्या फुलाला पाचवं वर्ष लागलं. भोंगवलीहून आण्णा दोनदा येऊन गेले. म्हणतात, शाळा आमच्या दारापुढं आहे, फुलाला आमच्याकडं ठेव. सासूबाई म्हणतात पाठव, तुझंही बाळंतपण सोपं जाईल. आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं आहे. मी नको म्हटलं तर कारण काय सांगू? तुम्ही आमचं घर पाहिलं आहे. शाळा उघडायच्या आत पाठवू का नको एवढंच कळवा. तुम्ही सांगाल ते मी करीन.’

या शेवटच्या वाक्याशी माझा हात अडत होता. हेच वाक्य पंधरा वर्षांपूर्वी तिचे वडीलही मला म्हणाले होते.

तेव्हा मी भोंगवलीच्या शाळेत होतो. प्रत्येक शाळेनं पालकांसाठी वर्ग चालवावा, मुलं कशी वाढवावीत हे त्यांना सोप्या भाषेत सांगावं, असं वरून आलं होतं. इतर मास्तरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून खूश झालो. चार माणसांसमोर माझी जीभ अडखळते, पण हातात पुस्तक असलं की निभतं. भोरच्या वाचनालयातून मी मुलांच्या संगोपनावरची पुस्तकं आणली, टिपणं काढली आणि वर्ग सुरू केला. पुरुष दिवेलागणीनंतर शाळेत बसायचे. बायका गुरुवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर. दोघांना एकत्र बसवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी तसं सांगायची माझी छाती नव्हती.

पोरांना मारू नका, बागुलबुवा दाखवू नका, दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नका, गोड शब्दानं सांगा, असं मी सांगत असे. बायकांच्या वर्गात धोंडाबाई नावाची एक बाई होती, तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. पहिल्याच गुरुवारी ती म्हणाली, “गुर्जी, तुमाला किती लेकरं?”

मी म्हणालो, “नाहीत.”

“मंग बरं जमतंय तुमाला गोड बोलाया,” ती म्हणाली, आणि सगळी ओसरी हसली. मीही हसलो. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही.

पुरुषांच्या वर्गात कुंडलिक पहिल्या रांगेत बसायचा. चाळिशीला टेकलेला, उंच, कामसू, स्वच्छ टोपी. मी सांगितलेलं त्याला सगळं पाठ असे. दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून तो इतरांना तेच ऐकवी. “गुर्जी,” तो म्हणे, “आमचा बा आमाला वादीनं फोडायचा. आमी आडाणी. तुमी सांगाल तसं मी करीन.” असा एखादा श्रोता मिळाला की माझ्यासारख्याला काय वाटतं ते सांगायला नको.

त्याची रतन माझ्याच शाळेत दुसरीत होती. पाटीवर सगळं बरोबर लिहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. हजेरीला नुसता हात वर. पडलं, लागलं, तरी रडण्याचाही आवाज नाही. पोरं तिला मुकी म्हणत. ती मुकी नव्हती. घरी बोलते, असं तिच्या शेजारच्या पोरी सांगत. काय बोलते हे पाहायला मी एका संध्याकाळी कुंडलिकच्या घरी गेलो.

कुंडलिक ओसरीवर दोर वळत होता. त्याची बायको सगुणाबाई दोन हातांवर, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. मला पाहून तो उठला.

“रतन बाळ,” तो लाडानं म्हणाला, “तुझ्या आईला सांग, गुर्जी आल्यात, च्या टाक म्हणावं.”

दोघांच्या मधे उभी असलेली पोर आईकडं वळली. “च्या टाक.”

“रतन, माझी गुणाची बाय,” सगुणाबाई तितक्याच लाडानं म्हणाली, “तुझ्या आण्णाला सांग, गूळ सपून चार दिस झालं. रोज सांगतीया.”

पोर बापाकडं वळली. “गूळ न्हाई.”

“सोनुल्या, आईला सांग, तिच्यासारखी आडमुठी बाई तालुक्यात गावायची न्हाई.”

“बाळा, आण्णाला सांग, तालुका हिंडून बघा म्हणावं, रोज बाहीरच असत्यात.”

मला आधी वाटलं थट्टा चालली आहे. मी हसलो. पोर माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तेव्हा मला कळलं की दोघांचा अबोला आहे, आणि कालपरवाचा नाही. पुढं धोंडाबाईनं सांगितलं. सगुणाबाईनं माहेराहून आणलेली गाय कुंडलिकनं बहिणीच्या लग्नात तिला न विचारता बहिणीला देऊन टाकली होती. त्या दिवसापासून नवरा-बायको एका घरात, एका चुलीवर, एका शेतात राहत होते, आणि शब्द तेवढा रतनच्या तोंडून जात-येत होता.

मी काय केलं? मला जे येत होतं ते केलं. पुढच्या वर्गात विषय घेतला: आई-बापांच्या भांडणाचा मुलांवर होणारा परिणाम. पुरुषांना सांगितलं, बायकांना सांगितलं. कुणाचं नाव न घेता, अगदी हळुवारपणे. कुंडलिक मान डोलवत ऐकत होता. सगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, जमलं.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरावरून जात होतो. कुंडलिकचा आवाज आला.

“रतन बाळ, आईला सांग, गुर्जी म्हणाल्यात लेकरादेखत तोंड फुगवून बसू नये. त्यानं लेकराच्या मनाला लागतं. तिला काय कळतंय का इचार.”

“आन् आण्णाला सांग, आमालाबी गुर्जींनीच शिकवलंय. बापानं लेकरापशी चार घटका बसावं म्हणाल्यात. बसत्यात का इचार.”

आधी ती पोर फक्त त्यांची भांडणं वाहत होती. आता माझे धडेही वाहू लागली. दोघांनीही वर्गात शिकलेलं टाकून दिलं नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला हवं ते घेतलं, धार लावली, आणि दुसऱ्यावर फेकलं. आणि फेकताना, वर्गात शिकवलं होतं तसं, दोघंही पोरीशी अतिशय गोड बोलत होते.

महिन्याभरात रतन घरीही बोलेनाशी झाली. निरोप सांगितला की नुसती दुसऱ्याकडं तोंड करून उभी राही. मग ज्याला निरोप होता त्यानं तो ऐकलाच आहे, असं धरून चालायचं.

तेव्हा मात्र दोघंही घाबरले. भोरच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नव्हतं. ते म्हणाले, पुण्याच्या एका दवाखान्यात अशा मुलांसाठी एक बाई ठरलेल्या दिवशी बसतात, त्यांना दाखवा. मी चिठ्ठी घेतली आणि आम्ही चौघं एस.टी.नं गेलो.

त्या बाई पन्नाशीच्या आत-बाहेरच्या होत्या. खादीचं पातळ, जाड चष्मा, टेबलावर विणकामाच्या सुया. कुंडलिकनं पोरीला पुढं केलं. “हिला तपासा बाई. आमी भाईर बसतो.”

“तिला एकटीला पाहून मला काही कळणार नाही,” बाई म्हणाल्या. “सगळे इथंच बसा.”

बाकावर आम्ही बसलो. कुणी न सांगता रतन दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी तिला खिडकीपाशी एक खुर्ची दिली, हातात लोकरीचा गुंडा दिला आणि म्हणाल्या, “तू आता इथं बस. तुझं काम आज मी करते. आणि मी फार वाईट काम करते, निरोप विसरते.” रतन खुर्चीच्या कडेवर बसली. आई आणि बापाच्या मधे बाकावर जागा रिकामी राहिली.

“कुंडलिकराव,” बाई म्हणाल्या, “सगुणाबाईंना काही सांगायचं असेल तर सांगा. काहीही. साधं. गावाहून निघताना दार लावलं का, एवढं विचारा.”

कुंडलिकनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं वळला. “गुर्जी, तिला इचारा...”

“गुरुजींना नाही.”

बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. शेवटी सगुणाबाईच बोलली, पण बाईंशी.

“माझ्यानं न्हाई व्हायचं, बाई. शपथ हाय. ज्या दिशी गाय सोडली त्या दिशी म्या हिच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घातली. ह्या माणसासंगं बोलले तर पोरीचं मढं बघीन. रागात निगालं तोंडातनं. आता बोलले तर पोरीच्या जिवावर यील.”

“मग म्याबी घातली,” कुंडलिक छताकडं बघत म्हणाला. “हिच्याच डोक्यावर. ती का एकटीच मानी हाय?”

मी रतनकडं पाहिलं. तिनं लोकरीचा गुंडा छातीशी धरला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. आई-बाप एकमेकांशी बोलले की आपण मरणार, हे घेऊन ती पोर रोज पाढे म्हणायच्या रांगेत उभी राहत होती. आणि मी तिच्या आई-बापांना बागुलबुवा दाखवू नका म्हणून शिकवत होतो.

बाईंनी चष्मा काढला. “शपथ सोडवतातही ना तुमच्याकडं? कशी सोडवतात?”

“जिच्या डोक्यावर घातली तिनं सुटली म्हनायचं,” सगुणाबाई पुटपुटली.

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. बाई हळूच म्हणाल्या, “म्हणशील, बाळ?”

पुढं मी पुष्कळदा विचार केला आहे की बाईंनी इथं घाई केली. जी पोर एक शब्द बोलत नव्हती, तिच्याकडून त्यांनी तोच एक शब्द मागितला. पण हे मला नंतर सुचलं, आणि नंतर सुचलेलं कुणाच्या उपयोगाचं नसतं. रतनचे ओठ हललेही. त्याआधीच कुंडलिक उठला होता.

“पोरीनं आईबापाचा निवाडा करायचा व्हय? आमी पोरगी दाखवाया आलतो. आमी येडं न्हाई. चल गं.” त्यानं तिच्या हातातला गुंडा घेऊन टेबलावर ठेवला आणि तिचं मनगट धरून बाहेर नेलं. सगुणाबाई मागोमाग गेली. भांडणात नव्हतं एवढं एकमत त्या दिवशी त्यांच्यात झालं.

मी दारात घुटमळलो. बाई म्हणाल्या, “त्यांना परत आणा, गुरुजी. दोन-तीनदा तरी. तुमचा वर्ग वाईट नाही, चालू द्या. पण दोघांना एकत्र बसवा.”

“आमच्याकडं बायका-पुरुष एकत्र बसत नाहीत,” मी म्हणालो.

“मग तुम्ही अर्ध्या-अर्ध्या घराला शिकवता,” त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, दमल्यासारख्या.

परतीच्या एस.टी.त सगुणाबाई पुढं बसली, कुंडलिक माझ्या शेजारी मागं. रतन दांडा धरून मधे उभी राहिली. जागा होती, मी तिला बोलावलं, पण आली नाही. कात्रजचा घाट उतरल्यावर कुंडलिक म्हणाला, “गुर्जी, तुमचा वर्गच बरा बगा. तितं कुनी काय इचारत न्हाई.”

पुन्हा ते पुण्याला गेले नाहीत. मीही नेटानं म्हटलं नाही. वर्ग त्या उन्हाळ्यात बंद पडला. रतन तिसरीत गेल्यावर हळूहळू शाळेत जेवढ्यास तेवढं बोलू लागली. घरीही तिला पुन्हा निरोप सांगायला लावलं गेलं आणि ती सांगू लागली. लोक म्हणाले, पोरगी बरी झाली.

त्र्याहत्तर साली तिचं लग्न झालं. मार्गासनीचा ज्ञानू, भातशेतीवाला, शांत पोरगा. तोवर माझी बदली होऊन मी भोरला आलो होतो. लग्नाला मुद्दाम गेलो. पाठवणीच्या वेळी मांडवात सगळे रडत होते. रतन रडत नव्हती. तिनं आईचा हात धरला, बापाचा हात धरला, दोन्ही हात आपल्या डोक्यावर ठेवले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, आण्णा, शपथ सुटली. माझ्या डोक्यावरची शपथ सुटली.”

वाजंत्रीवाल्यांनी आपणहून सनई खाली ठेवली. सगुणाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. धोंडाबाई म्हातारी झाली होती, पण तोंड तेच. “बोल की गं आता, सगुणे! कुंडलिका, तू तरी बोल! लेकीनं काय ठिवलंय आता?”

कुंडलिकनं उपरण्यानं नाक पुसलं. मांडवभर नजर फिरवली आणि पुतण्याला हाक मारली. “भिमा, तुझ्या चुलतीला इचार, शिदोरी बांधली का.”

रतननं दोघांचे हात सोडले आणि ती गाडीत जाऊन बसली.

अशा घरी फुलाला पाठवायचं की नाही, असं ती मला विचारत होती. बाहेरच्याला वाटेल, यात विचार करण्यासारखं काय आहे. पण मी थांबत होतो तो माझ्या सल्ल्याचं त्या घरात काय झालं ते पाहिलं होतं म्हणून. शिवाय वाटे, पाच वर्षांत माणसं बदलतात. म्हातारपण मऊ करतं, असं पुस्तकांत असतं. न पाहता कसं लिहावं? शेवटी ज्येष्ठ लागताना, एका सोमवारी, मी भोंगवलीची एस.टी. धरली.

घर सारवलेलं, लख्ख होतं. आढ्याला नवा झोपाळा टांगला होता, लहान मुलाच्या उंचीचा. खुंटीला कोरी पाटी आणि लाल रिबनींची जोडी लटकत होती. कुंडलिक आता पाठीत वाकला होता. अंगणात शेळी बांधली होती, आणि तो तिला सांगत होता, “चांदे, तुझ्या मालकिणीला सांग, पाण्याची येळ झाली.” सगुणाबाईनं आतून बादली आणून शेळीपुढं ठेवली. “चांदे, त्येंला सांग, मला डोळं हायत.”

मला पाहून दोघांनाही खरोखर आनंद झाला. ते खोटं नव्हतं.

“गुर्जी, बसा, बसा. तिला सांगा, च्यात साखर वाईच जास्त घाल म्हणावं.”

सगुणाबाई हातभर अंतरावर उभी होती. आणि मी म्हणालो, “सगुणाबाई, साखर जरा जास्त घाला म्हणतात.” तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं. इतकं सोपं होतं ते.

चहा पिताना फुलाचा विषय मी काढायच्या आत त्यांनीच काढला. दिवाळीत ती आठवडाभर राहून गेली होती. तिला काय आवडतं, कशाला हसते, झोपेत काय बडबडते, दोघंही सांगत होते, आळीपाळीनं, माझ्याकडं तोंड करून. इतकं प्रेम मी फार घरांत पाहिलेलं नाही.

“लई हुशार पोर,” कुंडलिक म्हणाला. “रतनचं कसं, दोन निरोप एकदम सांगितलं की गोंधळायची, एखादा गिळायची. ही न्हाई. एकदा सांगावं, जसंच्या तसं पोचवती. आवाजसुदिक आपला काढती.” तो हसला. “माझ्यावानी खाकरून बोलती हिच्यासंगं.”

“आन् माझ्यावानी नाक मुरडती त्येंच्याम्होरं,” सगुणाबाई म्हणाली, तिलाही हसू आलं होतं. मग पदर सारखा करत ती म्हणाली, “ती आली की घरात बोलणं व्हतं, गुर्जी. न्हाईतर दिसभर ही शेरडी आन् मी.”

मी धीर केला. एरवी मी करत नाही. “सगुणाबाई, शपथ तर सुटली ना? लेकीनं सगळ्यांसमोर सोडवली.”

“सुटली की.”

“मग?”

तिनं कपबश्या उचलल्या. “आता काय बोलायचं? जे काय बोलायचं व्हतं ते रतननं बोलून टाकलं. आमाला दोघास्नी काय उरलंच न्हाई.”

“तिनं पैलं बोलावं,” कुंडलिक अंगणाकडं बघत म्हणाला. “मी कवा न्हाई म्हणलो?”

निघताना तो फाट्यापर्यंत पोचवायला आला. “येत्या ऐतवारी जातो फुलाला आणाया. रतन आढेवेढे घेती. तुमी चार वळी लिवा, गुर्जी. तुमचं ती ऐकती. तुमीच शिकिवलं न्हवं आमाला, लेकराभवती गोड बोलणारी मानसं पायजेत म्हून? आमी दोघंबी तिच्यासंगं गोडच बोलतो. उलटा शबुद न्हाई. हात लावत न्हाई. खरं का न्हाई?”

“खरं आहे,” मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. माझ्या वर्गातला एकही धडा तो विसरला नव्हता.

भोरला परत आल्यावर मंगळवारी दिवसभर मी लिहायला बसलो. पहिल्यांदा रतनला एकटीला लिहिलं. पाठवू नकोस, नवऱ्याला सांग, सासूला असं सांग, कारण विचारलं तर हे म्हण. पानभर झालं. मग वाचून पाहिलं. हे पत्र घेऊन ती काय करील? ज्ञानूपुढं धरील आणि म्हणेल, बघा, गुरुजींनी लिहिलंय. तो म्हणेल, तुझ्या गुरुजींना काय कळतं. सासू एक बाजू घेईल. आणि मधे फुला उभी असेल. मी पुन्हा अर्ध्याच घराला शिकवत होतो. शिवाय मार्गासनीच्या घरात आज अबोला नसला तरी रतनला दुसरं काही पाहायलाच मिळालेलं नव्हतं. ती नवऱ्यावर रुसली तर काय करील, या विचारानं मी तो कागद फाडला.

पोस्टकार्ड सगळ्या घरानं वाचलं असतं म्हणून आंतरदेशीय पत्र घेतलं. वर दोघांची नावं घातली. तिनं मला लिहिलं होतं, याचा उल्लेख केला नाही. लिहिलं ते असं:

‘चि. ज्ञानू आणि चि. सौ. रतन यांस आशीर्वाद. हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचावं. एकानं वाचून दुसऱ्याला सांगू नये. काल मी भोंगवलीस गेलो होतो. कुंडलिक आणि सगुणाबाईंचा फुलावर फार जीव आहे. तिथं तिला खाण्यापिण्याला आणि मायेला कमी पडणार नाही. पण ज्ञानू, लग्नाच्या मांडवात तू जे पाहिलंस ते आजही तसंच आहे. फुला तिथं राहिली तर दोघांचे निरोप तिलाच न्यावे लागतील. दिवाळीत तिनं ते नेले, आणि ते तिला चांगले जमतात, हे ऐकून मला झोप आली नाही. रतननं हे लहानपणी केलं आहे. त्यानं काय होतं ते ज्ञानू, तू तिला विचार, आणि ती सांगेल तेव्हा मधे बोलू नकोस. माझ्या मते पोरीला पाठवू नये. पण मी सांगितलं म्हणून करू नका. माझं सांगणं ऐकून एका घराचं भलं झालेलं नाही. तुम्ही दोघं बोलून ठरवा. आजी-आजोबांना नातीकडं यावंसं वाटलं तर दोघांनी मिळून मार्गासनीला यावं, तुम्ही त्यांचा मान राखावा.’

बुधवारी सकाळी पत्र चिकटवलं. मग बसून राहिलो. त्या दोन म्हाताऱ्यांच्या घरात दिवसाकाठी जे चार शब्द येण्याची आशा होती, ती मी काढून घेत होतो. फुला गेली नाही तर त्यांच्यात कधीच कुणी बोलणार नाही, एकजण जाईपर्यंत. आणि फुला गेली तर ती पाच वर्षांची पोर ते बोलणं वाहील. यातलं कमी वाईट काय, हे मोजायचं माप कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं. पत्र पोचलंच नाही तर? पोचून सासूनं आधी फोडलं तर? दोघं शेजारी बसले, आणि भांडून उठले तर? बरं, कुंडलिकला मी काय सांगणार होतो? त्यानं मला त्याच्यासाठी चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. हे कळल्यावर तो माझ्याशीही बोलणं टाकील, आणि मग कुणाकरवी तरी मला निरोप पाठवील.

रविवारी तो मार्गासनीच्या दारात उभा राहील, नवी पाटी पिशवीत घालून. बुधवारच्या टपालात पत्र पडलं तर शनिवारपर्यंत पोचायला हवं. दुपारचं टपाल निघायची वेळ झाली होती. मी कोट चढवला, चपला घातल्या, पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीपाशी पत्ता पुन्हा एकदा वाचला. दोन्ही नावं एका ओळीत होती. पत्र आत सोडलं.